प्रस्तावना : आवाजाच्या आधी मिटणारे डोळे

चैत्र यात्रेच्या संध्याकाळी जोतिबाची पालखी यमाईकडे निघते, तेव्हा डोंगरावर तोफेची सलामी होते. आमचे गाव डोंगराच्या पायथ्याला. त्यामुळे यात्रेला जायचे की नाही हा प्रश्न घरात कधी नव्हता. कुणाच्या खांद्यावर बसून जायचे एवढाच असे. मी आजोबांच्या खांद्यावर असे. पहिल्या वर्षी तोफ उडाल्यावर मी दचकलो आणि त्यांच्या फेट्याला मिठी मारून रडलो. दुसऱ्या वर्षी सगळे माहीत होते. भोवतीची माणसे तोफेकडे बघायला लागली तसे मी डोळे गच्च मिटले, खांदे कानांपर्यंत ओढले आणि वाट बघत बसलो. खालून आजोबा म्हणाले, "आरं, अजून उडाली न्हाई ती."

पुढे शाळेत एन.सी.सी.चा अधिकारी म्हणून आणि निवृत्तीनंतर हौशी नेमबाजांचा शिक्षक म्हणून मी हेच वाक्य किती जणांना ऐकवले असेल, त्याची मोजदाद नाही. पहिली गोळी माणूस निष्पापपणे झाडतो. दुसऱ्या गोळीपासून त्याचे शरीर शहाणे होते. चाप ओढला जाण्याच्या क्षणभर आधी पापण्या मिटतात, मनगट खाली दबते, आणि गोळी लक्ष्याच्या वीतभर खाली मातीत जाते. माणूस बंदुकीला दोष देतो, बंदूक विकणारा माणसाला देतो. झटका हाताला बसतो हे खरे, पण मुक्कामाला राहतो तो डोक्यात.

हे पुस्तक त्या झटक्याबद्दल आहे. परवाना मिळालेल्या किंवा मिळवू पाहणाऱ्या नवख्या माणसाने स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल निवडताना कमी झटक्याचे शस्त्र कसे ओळखावे, एवढाच त्याचा विषय. लेखिका माझी जुनी विद्यार्थिनी. शाळेच्या एन.सी.सी.त तिने .२२ ची रायफल पहिल्यांदा हातात धरली तेव्हा ती रायफल तिच्यापेक्षा थोडीच बुटकी होती. आज ती इतरांना शिकवते. हस्तलिखित घेऊन ती घरी आली आणि म्हणाली, "सर, प्रस्तावना लिहा, पण कौतुक नको." ही अट पाळणे मला फारसे अवघड गेले नाही, कारण दोन-तीन ठिकाणी माझे तिच्याशी पटत नाही. ते पुढे येईलच.

देवाच्या डोंगराखाली बसून पिस्तुलावर काय लिहिता, असे एका शेजाऱ्याने विचारले. त्यांना म्हटले, देवाकडे नीट बघा. रत्नासुराला मारायला दक्षिणेत आलेला हा देव. त्याच्या हातात खड्ग आहे, त्रिशूळ आहे. त्याच हातांत डमरू आणि अमृतपात्रही आहे, हेही तितकेच नीट बघा. आणि वाहन घोडा. बंदुकीच्या ज्या भागाला आपण घोडा म्हणतो तो चढवण्याआधी कोल्हापूरकराने एकदा डोंगराकडे बघावे, असे मी वर्गात गमतीने म्हणायचो. पोरे हसायची, पण थांबायची. थांबणेच हवे होते.

या पुस्तकाची गरज कुठून निर्माण झाली ते सांगितले पाहिजे. २०१२ च्या डिसेंबरात दिल्लीत एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला, त्यानंतर देशभर बायकांच्या सुरक्षेची चर्चा पेटली. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुधनिर्माणीने 'निर्भीक' नावाचे .३२ चे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. खास महिलांसाठी, अशी त्याची जाहिरात झाली. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, सहा गोळ्यांचे, वजन सुमारे अर्धा किलो, किंमत १,२२,३६० रुपये. एवढ्या पैशांत किती जणींना ते परवडणार, ही टीका तेव्हाच झाली आणि ती रास्त होती. पण दुसरी गोष्ट फारशी कुणी बोलले नाही. बाईच्या पर्समध्ये मावावे म्हणून वजन उतरवले, की त्याच काडतुसाचा झटका वाढतो. दुकानाच्या काउंटरवर ते शस्त्र हातात घेतले की फुलासारखे वाटते. काउंटरवर ते कुणी झाडून बघत नाही.

यातले गणित शाळेतले आहे. गोळी जितक्या संवेगाने पुढे जाते तितक्याच संवेगाने बंदूक मागे येते. काडतूस तेच ठेवून शस्त्राचे वजन ७०० ग्रॅमवरून ५०० ग्रॅमवर आणले, तर ते हातात जवळजवळ १.४ पट वेगाने मागे येते, आणि त्यातली ऊर्जाही तितक्याच पटीने वाढते. ज्याला न्यूटन आठवत नाही त्याने गळिताच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर उभे राहावे. रिकाम्या बैलगाडीला मागून खांदा लावला तर ती पुढे पळते. उसाने भरलेलीला तोच खांदा लावला तर ती जागची हलत नाही. झटका पोटात घ्यायला वजन लागते. 'हलकी म्हणजे सोपी' हा समज इतका पक्का आहे, की लेखिकेने त्यासाठी एक अख्खे प्रकरण खर्ची घातले आहे, आणि मला ते थोडके वाटते.

याचा उलटा पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. राही सरनोबत २५ मीटर पिस्तूल प्रकारात खेळतात. २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात त्यांनी सुवर्णपदक घेतले, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरल्या. या प्रकारातले पिस्तूल कोणते? काडतूस .२२ चे, म्हणजे बाजारातले जवळजवळ सर्वांत लहान. आणि पिस्तुलाचे वजन? नियमाने १,४०० ग्रॅमपर्यंत चालते. म्हणजे जगातल्या उत्तम नेमबाज बाया 'निर्भीक'च्या दुपटीहून जड शस्त्रातून त्याच्यापेक्षा कितीतरी लहान गोळी झाडतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन रायफलीत जगज्जेत्या झाल्या, तीही .२२ च होती. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले तेव्हाही नळीतून जाणारी गोळी तीच, अडीच ग्रॅमच्या आसपास वजनाची.

इथे वाचक म्हणेल, की स्पर्धा वेगळी आणि जीव वाचवणे वेगळे. मान्य. कागदावरचे वर्तुळ अंगावर येत नाही. पण नवखा माणूस ज्या गोष्टीत फसतो ती दोन्हीकडे एकच आहे, आणि ती म्हणजे चाप ओढताना नळी न हलवणे. ही गोष्ट लहान काडतुसावर शिकता येते. मोठ्यावर ती शिकण्याआधीच दचक शिकली जाते. आमच्याकडच्या मर्दानी खेळांच्या आखाड्यात पोराच्या हातात आधी काठी देतात, तीही त्याच्या अंगाला झेपेल अशी. पट्टा मागून येतो. काठी फिरवणाऱ्याला कुणी भित्रा म्हणत नाही. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र पहिल्याच दिवशी पट्टा मागणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांत पुरुष जास्त.

एक प्रसंग सांगतो. माझ्या नात्यातल्या एका बाईंना परवाना मिळाला. दागिन्यांचा व्यवसाय, पती वारलेले, रोकड घेऊन रात्री घरी यावे लागे. त्यांच्या दिराने चौकशी न करता एक छोटे, हलके .३२ रिव्हॉल्व्हर घेऊन दिले. "वहिनींना जड कशाला?" हे त्याचे तर्कशास्त्र. रेंजवर पहिली गोळी झाडल्यावर नळी इतकी उसळली की त्यांनी हाताकडेच पाहिले, लागले तर नाही ना म्हणून. दुसरी गोळी सात मीटरवरच्या माणसाएवढ्या लक्ष्याच्या खाली. तिसरी त्याहून खाली. "भाऊजी, हे वाकडं मारतंय," त्या मला म्हणाल्या. मी रिव्हॉल्व्हर घेतले, त्यांच्याकडे पाठ करून चक्रीतली दोन घरे रिकामी ठेवली, चक्री फिरवली आणि परत दिले. त्यांनी नेम धरला, चाप ओढला. घर रिकामे निघाले. आवाज झाला नाही, झटका बसला नाही. तरीही नळी चांगली दोन इंच खाली दबली. त्या स्वतःच थबकल्या. मग हसत सुटल्या. "हे तर मीच करतेय की!"

ही युक्ती माझी नाही, जगभरचे शिक्षक ती वापरतात. पण तिने जे कळते ते दहा व्याख्यानांनी कळत नाही. त्या बाईंना आम्ही ते रिव्हॉल्व्हर तीन महिने झाडूच दिले नाही. रेंजवरच्या एअर पिस्तुलावर बसवले. नंतर .२२. नंतर त्याच .३२ काडतुसाचे, पण जाड पोलादी नळीचे जुने रिव्हॉल्व्हर, ज्याचे वजन त्यांच्या हलक्या शस्त्रापेक्षा पाव किलोने जास्त होते. त्या दिवशी सहापैकी पाच गोळ्या छातीच्या चौकोनात बसल्या. त्यांनी दिराला फोन करून काय सांगितले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

आता काडतुसाविषयी, कारण यात घोटाळे फार होतात. आपल्याकडे ९ मि.मी., .३८ आणि .४५५ हे बोअर सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. ते पोलिस आणि लष्करासाठी राखीव आहेत. त्यामुळे परदेशातल्या पुस्तकांत आणि चित्रफितींत '९ मि.मी. घ्यावे की नाही' यावर जी पानेच्या पाने आणि तासन्‌तास चर्चा असते, ती आपल्या वाचकाने खुशाल सोडून द्यावी. व्यवहारात त्याच्यापुढे राहतात ते .३२ आणि .२२, म्हणजे लोकांच्या बोलीतले बत्तीस बोअर आणि बावीस. कायद्याने निवडीचे निम्मे काम करून ठेवले आहे. आणि योगायोग असा, की झटक्याच्या दृष्टीने ते नवख्याच्या फायद्याचेच आहे. ९ मि.मी.ची गोळी शस्त्राला जेवढा मागे रेटा देते, त्याच्या साधारण निम्मा .३२ चा असतो, आणि .२२ चा त्याहून बराच कमी.

पण बत्तीस बोअर हे एक नाव दोन वेगळ्या काडतुसांना आहे. एक रिव्हॉल्व्हरचे, बुडाला ठळक कड असलेले लांब काडतूस. ते १८९६ चे, आणि कानपूरची सरकारी रिव्हॉल्व्हरे तेच खातात. दुसरे पिस्तुलाचे, आखूड. ते ब्राउनिंग यांनी १८९९ च्या सुमारास काढले. आपले 'अशनी' पिस्तूल या दुसऱ्या जातीचे. आकडा एक म्हणून दुकानातून एक खोका उचलला आणि घरी येऊन दुसऱ्यात घालून बघितला, असे करणारे लोक आहेत. लेखिकेने दोन्ही काडतुसांची खऱ्या मापाची चित्रे शेजारी-शेजारी छापली आहेत, ते फार बरे केले.

.२२ विषयी तिचे मत माझ्यापेक्षा उदार आहे. तिचे म्हणणे, की ज्याच्या हाताला संधिवात आहे, किंवा बोटात बळ नाही, त्याने स्वसंरक्षणासाठीही .२२ चे रिव्हॉल्व्हर घ्यायला हरकत नाही. आपल्याकडे 'निडर' नावाचे तसे छोटे रिव्हॉल्व्हर निघाले आहेच. माझी अडचण अशी, की .२२ मध्ये ठिणगीचे रसायन काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेले असते, मध्यभागी नाही. त्यामुळे गोळी न पेटण्याचे प्रमाण मधोमध टोला खाणाऱ्या काडतुसापेक्षा जास्त. रिव्हॉल्व्हरमध्ये निदान पुन्हा चाप ओढला की पुढचे घर येते, हे तिचे उत्तर. ते खरे आहे. तरी सरावाला बावीस आणि भरवशाला बत्तीस, या मतावर मी आहे. वाचकाने दोन्ही बाजू वाचून आपले ठरवावे. पण 'निडर'सारखे अगदी छोटे शस्त्र हातात नीट मावत नाही आणि त्याच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर, नजर ठरत नाही, एवढे तिनेही मान्य केले आहे.

पुस्तकातला मला सर्वांत आवडलेला भाग झटक्याबद्दल नाही, बळाबद्दल आहे. लोक समजतात, लहान काडतुसाचे छोटे पिस्तूल म्हणजे सगळेच हलके. प्रत्यक्षात .३२ च्या बहुतेक छोट्या पिस्तुलांत मागची सरकती पट्टी, जिला रेंजवर सगळे स्लाइड म्हणतात, केवळ स्प्रिंगच्या जोरावर आणि स्वतःच्या वजनावर गोळीचा दाब थोपवते. म्हणून ती स्प्रिंग कडक ठेवावी लागते. परिणाम असा, की साठीच्या बाईला ती मागे ओढता येत नाही, आणि पहिली गोळी नळीत चढवताच येत नाही. मोठ्या लष्करी पिस्तुलांत नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकण्याची योजना असते, त्यामुळे काडतूस जोरदार असूनही स्लाइड ओढायला कधीकधी सोपी जाते. हे ज्ञान दुकानात कुणी देत नाही. दुकानात जाऊन मोकळे शस्त्र हातात घ्या, ते रिकामे असल्याची खात्री करून घ्या, आणि स्लाइड सलग दहा वेळा ओढून बघा, असे लेखिका सांगते. दहा वेळा जमले नाही तर ते पिस्तूल तुमचे नाही.

रिव्हॉल्व्हरचे दुखणे वेगळे. घोडा आधी चढवून मग चाप ओढला तर तो हलका लागतो. नुसता चाप ओढून घोडा चढवायचा आणि सोडायचा तर बोटाला बराच लांब आणि जड प्रवास करावा लागतो. भीतीच्या क्षणी घोडा चढवायला वेळ नसतो, आणि चढवलेला घोडा थरथरत्या हातात ठेवणे हे संकटच. म्हणजे खरी परीक्षा त्या जड ओढीची. ज्यांचे बोट मधेच थांबते, ज्यांची नळी त्या ओढीत डावीकडे जाते, त्यांच्यासाठी झटका हा दुसरा प्रश्न आहे; पहिला चाप आहे.

हाताच्या ठेवणीबद्दल मी दोन ओळी भर घालतो. नळीचा अक्ष हातापासून जितका वर, तितकी नळी जास्त उसळते. म्हणून अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मुठीवर जमेल तितकी वर बसवायची. दुसऱ्या हाताची बोटे पहिल्या हाताच्या बोटांवर, मुठीवर मोकळी जागा न ठेवता. आणि ढिला हात नको. 'झटका लागू नये म्हणून' मनगट सैल सोडणाऱ्याचे पिस्तूल मधेच अडकते, कारण स्लाइडला मागे जाताना ज्या आधाराची गरज असते तो हातच देत नाही. अंगाची ठेवण शिकायची असेल तर यात्रेत सासनकाठी पेलणाऱ्याकडे बघावे. एवढी उंच काठी तो दंडाने धरत नाही. भार कमरेवर आणि पायांवर येतो, गुडघे किंचित मोडलेले असतात, अंग पुढे झुकलेले असते, आणि दोर धरणारे बाजूंनी तोल सांभाळतात. नवखा पोरगा हातांच्या जोरावर ती धरायला जातो आणि दहा पावलांत दमतो. पिस्तुलाला दोर धरणारे कुणी नाहीत, एवढाच फरक.

कानाबद्दल मात्र कुणीच लिहीत नाही. नवख्याला जो 'झटका' वाटतो त्यात आवाजाचा वाटा मोठा असतो. आखूड नळीचे शस्त्र जास्त कडाडते, आणि बंदिस्त रेंजवर तो आवाज छातीत घुसतो. कानात बोळे आणि वरून कानटोप, असे दोन्ही घालून पहिल्या पन्नास गोळ्या झाडल्या तर दचक निम्म्याने कमी होते, हा माझा अनुभव. आजोबांनी मला दुसऱ्या वर्षी खांद्यावर घेतले तेव्हा माझे कान आपल्या दोन्ही हातांनी झाकले असते, तर मी तोफेकडे बघितले असते.

परवान्याच्या प्रकरणात लेखिकेने कायदा सोपा करून सांगितला आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम, २०१६ चे शस्त्र नियम, २०१९ ची दुरुस्ती. वय किमान २१. आपल्या जिल्ह्यात पोलिस आयुक्तालय नाही, त्यामुळे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, चौकशी पोलिसांकडून. शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण. परवान्याची मुदत २०१९ नंतर पाच वर्षे. एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रे. लग्नात, वरातीत, मिरवणुकीत आनंदाने गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हा शेवटचा मुद्दा मी मोठ्या अक्षरात छापायला सांगितला होता. तिने साध्याच अक्षरात छापला आहे. वाचकाने आपल्या मनात मोठा करून घ्यावा.

परवान्याचा आणि झटक्याचा संबंध असा, की परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते. अमेरिकेतला माणूस शनिवारी दोनशे गोळ्या झाडून घरी जातो आणि दचक मोडून काढतो. आपल्याला तेवढ्या गोळ्या मिळत नाहीत, मिळाल्या तरी परवडत नाहीत. म्हणून ज्या शस्त्राची सवय व्हायला शेकडो काडतुसे लागतील ते आपल्यासाठी चुकीचे शस्त्र, मग ते कितीही नावाजलेले असो. आणि म्हणूनच एअर पिस्तुलाचे महत्त्व. ४.५ मि.मी.च्या, २० ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, छर्रा स्वस्त असतो, आणि झटका जवळजवळ नसतो. कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर जाऊन बघा. तिथे दहा-बारा वर्षांची पोरे ज्या शांतपणे चाप दाबतात ती शांतता बत्तीस बोअरच्या कित्येक परवानाधारकांकडे नाही.

निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करायला सांगतात, हे वाचकाला माहीत असेलच. म्हणजे ज्या पिस्तुलाच्या भरवशावर तुम्ही घराचे दार उघडे ठेवता ते आचारसंहितेच्या काळात तुमच्याजवळ नसू शकते. दाराला कडी आणि शेजाऱ्याचा फोन नंबर बारा महिने जवळ असतात.

स्वसंरक्षणाच्या हक्कावरचे प्रकरण लेखिकेने सहाव्या क्रमांकावर ठेवले आहे. ते पहिले असायला हवे होते, हा माझा मुख्य आक्षेप. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ हा हक्क सांगतात. जिवाची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची, ॲसिड हल्ल्याची रास्त भीती असेल तर हा हक्क समोरच्याच्या मृत्यूपर्यंत जातो. पण बचावाला जेवढे लागते त्यापलीकडे तो जात नाही, आणि पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असताना तो मिळतच नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणाऱ्याला ही कलमे वाचवणार नाहीत. हे आधी कळले तर पिस्तूल निवडण्याची पद्धतही बदलते. मग माणूस विचारतो, सात मीटरवर, घरातल्या अपुऱ्या उजेडात, मागे मुले झोपलेली असताना, मी ही गोळी नेमकी कुठे जाईल ते सांगू शकेन का? या प्रश्नाला 'मोठे काडतूस' हे उत्तर नाही. भिंतीपलीकडे कोण आहे हे ज्याला माहीत नाही त्याने काडतुसाच्या ताकदीवर बोलूच नये.

आणि घरात लहान मूल असेल तर? लेखिका कुलुपाची पेटी, काडतुसे वेगळ्या जागी, किल्ली गळ्यात, असे सगळे नीट सांगते. मी एक पाऊल पुढे जातो. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना मी नको म्हणूनच परत पाठवतो. ज्यांना खरोखर धोका आहे, ज्यांच्या घरात शिस्त आहे, आणि जे महिन्यातून दोनदा रेंजवर यायला तयार आहेत, अशा थोड्यांसाठी हे पुस्तक आहे. बाकीच्यांनी ते वाचले तर शस्त्र न घेण्याची कारणे त्यांना त्यातच सापडतील, आणि मला वाटते लेखिकेलाही त्याचे वाईट वाटणार नाही.

पिस्तूल निवडणाऱ्यांना शेवटचे एक सांगतो. जाहिरातीत 'महिलांसाठी', 'नवशिक्यांसाठी', 'पर्ससाठी' असे शब्द दिसले तर वजनाचा आकडा शोधा, मग काडतुसाचा, मग मुठीची लांबी आपल्या हाताशी ताडून बघा. शक्य असेल तर तेच शस्त्र असलेल्या परवानाधारकाला रेंजवर गाठा, त्याच्या देखरेखीखाली आणि रेंजच्या नियमाने, आणि पाच गोळ्या झाडल्याशिवाय पैसे मोजू नका. पाचवी गोळी पहिलीच्या जवळ बसली तर विचार करा. पाचवी मातीत गेली तर बेलाशक नाही म्हणा, विकणारा कितीही ओळखीचा असो. जड शस्त्र रोज जवळ बाळगायला त्रास होतो, हे खरे. पण ज्याला घाबरून तुम्ही सराव टाळाल ते हलके शस्त्र कपाटात पडून राहील, आणि कपाटातले शस्त्र सर्वांत आधी घरातल्याच कुणाच्या तरी हाताला लागते.

पुस्तक वाचताना बरेच जण आपले रिव्हॉल्व्हर समोर टेबलावर घेऊन बसतील, मूठ आणि माशी ताडून बघायला. त्यांना विनंती एवढीच : पान उलटण्याआधी चक्री उघडा, सगळी घरे रिकामी आहेत का ते डोळ्यांनी बघा, मग बोट घालून बघा, आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून या.

जोतिबा डोंगर, चैत्र पौर्णिमा